नंबर पॅड गेल्याचे दुःख नाही, ‘एंड’ गेल्याचे आहे

माझ्या ६५ टक्के आकाराच्या (नंबर पॅड आणि एफ १ ते एफ १२ ची ओळ नसलेल्या) मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या, कीबोर्डवरचे ‘ई’ हे बटण एकदा दाबले की अक्षर दोनदा उमटू लागले, आणि बरेच महिने लांबणीवर टाकलेला हा वापरानंतरचा अनुभव लिहायला निमित्त मिळाले. दुखणे नेहमीचेच आहे. स्विचमधल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना किंचित थरथरतात. ती थरथर दोन-चार मिलिसेकंदांत शमली तर कीबोर्डमधले फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली आज्ञावली, तिच्याकडे काणाडोळा करते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली, की ती लांबते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. विक्रेत्याचे म्हणणे असे पडले की संपूर्ण कीबोर्ड मूळ खोक्यासह माझ्या खर्चाने पाठवावा, मग काय ते बघू. बरीच पत्रापत्री झाल्यावर मी तो नाद सोडला, ‘ई’खालचा स्विच चिमट्याने उपसला आणि ‘पेज डाउन’च्या स्विचशी त्याची अदलाबदल केली. आता कधीमधी एकाऐवजी दोन पाने सरकतात, तेवढे मी चालवून घेतो.

खरेदीच्या वेळी हॉट-स्वॅप (स्विच नुसता उपसून बदलता येण्याची सोय) म्हणजे हौशी लोकांचे चोचले आहेत असे माझे मत होते. ते आता पार बदलले आहे. स्विच डाग देऊन पक्के केलेला, सोल्डरिंगचा कीबोर्ड असता तर एका स्विचपायी सगळाच अडगळीत गेला असता. स्विच बसवताना मात्र तो अगदी सरळ दाबावा, कारण तांब्याचा बारीक पाय सॉकेटच्या भोकात न शिरता बाहेर मुडपला, तर वरून सगळे ठीक दिसते आणि बटण मुके राहते.

नंबर पॅड नसण्याबद्दल जी चर्चा चालते, तिच्यातला फायद्याचा भाग खरा आहे. शेजारशेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांमधले अंतर १९.०५ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने १०४ बटणांचा पूर्ण कीबोर्ड साडेबावीस बटणांइतका रुंद भरतो आणि माझा सोळा. म्हणजे माउस सुमारे १२ सेंटीमीटर डावीकडे सरकला. उजवा खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहत नाही, हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला आणि अजूनही जाणवतो. नुसता नंबर पॅड काढलेला ८७ बटणांचा कीबोर्ड घेतला असता तर यातला साधारण दोन तृतीयांश फायदा मिळाला असता आणि पुढचे रामायण टळले असते.

ते रामायण ‘एंड’चे, म्हणजे ओळीच्या शेवटी नेणाऱ्या बटणाचे आहे. माझ्या कीबोर्डच्या उजव्या कडेला वरून खाली डिलीट, होम, पेज अप आणि पेज डाउन अशी चारच बटणे आहेत. होम ठेवून एंड गाळण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने आयुष्यात कधी ओळीच्या शेवटी जाऊन पूर्णविराम दिला नसावा. एंड हे एफएन (दुसऱ्या बटणाचे पर्यायी काम मिळवून देणारे बटण) आणि पेज डाउन एकत्र दाबून मिळते. ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर निवडायचा तर त्यात शिफ्टची भर पडते, आणि मजकुराच्या अगदी शेवटापर्यंत जायचे तर कंट्रोलचीही. म्हणजे जे काम तीन बटणांत होत असे, त्याला आता चार लागतात. लिहिलेला मजकूर तपासण्याचे काम करणाऱ्याला ही कसरत दिवसातून असंख्य वेळा करावी लागते.

सुदैवाने या कीबोर्डचे फर्मवेअर क्यूएमके नावाचे, फेरबदल करता येणारे आहे आणि व्हाया या संगणकावरच्या प्रोग्रॅममधून कोणत्याही बटणाला कोणतेही काम नेमून देता येते. ही नेमणूक कीबोर्डच्याच स्मृतीत राहत असल्याने तो दुसऱ्या संगणकाला जोडला तरी टिकते. मी पेज अपच्या जागी एंड बसवले आणि पेज अपची रवानगी एफएनसह वरच्या बाणावर केली. बोटांचा प्रश्न मिटला, पण डोळ्यांचा उरला: बटणावर पेज अप छापलेले आहे आणि दाबल्यावर एंड होते. खोक्यात एंडची कॅप, म्हणजे बटणावरचे काढता येणारे टोपण, नव्हती. वेगळा संच घ्यावा, तर नेहमीच्या प्रोफाइलमध्ये (कॅपच्या घडणीत) प्रत्येक ओळीच्या कॅपची उंची आणि उतार निराळा असतो. संचातली एंडची कॅप वरून दुसऱ्या ओळीच्या उताराची आणि माझी रिकामी जागा तिसऱ्या ओळीत. एक्सडीए किंवा डीएसए प्रोफाइलमध्ये सगळ्या ओळी सारख्याच असतात, म्हणून तिथे ही अडचण येत नाही, पण एका कॅपसाठी अख्खा संच विकत घेणे माझ्या स्वभावात बसत नाही.

आकडेमोडीसाठी मी एक स्तर बनवला आहे. कॅप्स लॉक धरून ठेवले की जे, के, एल ही बटणे ४, ५, ६ होतात, त्यांच्या वरची यू, आय, ओ ही ७, ८, ९ आणि खालची एम, स्वल्पविराम, पूर्णविराम ही १, २, ३. शून्य स्पेसवर, अंगठ्याखाली येते. या बटणांना वरच्या रांगेतले अंक न देता नंबर पॅडचेच अंक द्यावेत, म्हणजे विंडोजमध्ये ऑल्ट धरून आकड्यांनी चिन्हे उमटवण्याची सोयही शाबूत राहते. तक्रार एवढीच, की खऱ्या नंबर पॅडवर बटणे सरळ उभ्या रांगेत असतात आणि अक्षरांच्या ओळी तिरक्या सरकलेल्या असतात. जे वरून बोट सरळ खाली आणले तर ते एन आणि एम यांच्या मधल्या फटीवर पडते. एनलाही १ नेमून ती चूक झाकता येते, पण के वरून सरळ खाली आल्यावर २ हवा असताना १ उमटतो, त्याला उपाय नाही. चार-दोन रकमांसाठी हे पुरते. ज्यांना रोज रकमांचे रकाने भरायचे आहेत त्यांनी सुटा नंबर पॅड घ्यावा. तो माउसच्या आड न येता डाव्या हाताला ठेवता येतो.

नवीन घेणाऱ्याने ७५ टक्क्यांचा आकार आधी पाहावा. त्याची रुंदी साधारणपणे माझ्या कीबोर्डइतकीच असते. फक्त एक ओळ वाढते, एफ १ ते एफ १२ परत मिळतात आणि बहुतेकांत एंडही असते. तरीही जाहिरातीतले दिवे बघण्याआधी उजव्या कडेचा रकाना मोठा करून बघावा. तिथे एंड नसेल आणि फर्मवेअरही बदलता येत नसेल, तर तो कीबोर्ड कितीही स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नये. आणि तिसऱ्या ओळीच्या उताराची एंडची एकटी कॅप कोणी विकत असेल, तर मला ती हवी आहे.