पहिला ४×५ कॅमेरा: नवा लाकडी फोल्डिंग की जुना मोनोरेल? आणि त्यात भरायचं काय?

४×५ वर, म्हणजे रोलऐवजी ४×५ इंची सुट्या फिल्म शीटवर, फोटो काढायचं ठरलं की पहिला घोळ होतो तो बॉडीचा. लेन्सचं सोपं आहे, १५० एमएम एफ ५.६ घ्यायची, श्नायडर, रोडेनस्टॉक, निकॉर, फुजिनॉन यातली जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती, सुरुवातीला त्यांच्यातला फरक कळणारही नाही. बॉडीचं तसं नाही, कारण तुम्ही कॅमेरा घराबाहेर काढणार की नाही हे बॉडीच ठरवते. मी पुण्यात राहतो, आधी जुना मोनोरेल घेतला, तीन वर्षं त्याच्यावरच काम केलं, मग हलका लाकडी फील्ड कॅमेरा घेतला, आज दोन्ही घरात आहेत आणि दोन्ही वापरात आहेत.

मोनोरेल म्हणजे एक धातूचा दांडा, त्यावर पुढे लेन्सची चौकट, मागे चित्र दिसतं त्या दुधी काचेची चौकट आणि मधे घड्यांचा भाता. सिनार एफ, टोयो, काम्बो ही नावं सेकंडहँडमध्ये नेहमी दिसतात. दोन्ही चौकटी वर-खाली होतात, बाजूला सरकतात, कलतात, वळतात. शिकायला याच्यासारखा मास्तर नाही. देवळापुढची दीपमाळ घ्या. साध्या कॅमेऱ्यात ती पूर्ण बसवायची तर कॅमेरा वर करावा लागतो आणि मग ती मागे कलल्यासारखी दिसते. इथे मागची चौकट ओळंब्यात ठेवायची आणि फक्त लेन्स वर सरकवायची. काचेवर चित्र उलटं असतं, त्यामुळे दीपमाळेचं टोक काचेच्या खालच्या कडेने हळूहळू आत येतं, आणि पूर्ण दीपमाळ सरळच्या सरळ राहते. हे काळ्या कापडाखाली डोकं घालून एकदा बघितलं की कॅमेऱ्याच्या हालचाली म्हणजे काय ते वेगळं वाचावं लागत नाही.

अडचण वजनाची. बहुतेक मोनोरेल तीन किलोच्या पुढेच असतात, आणि घडी नीट होत नाही, अख्खी पेटी न्यावी लागते. राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढताना कातळावर दोन्ही हात रेलिंगला लागतात, तिथे पाठीवर ही पेटी म्हणजे खरंच धोका आहे, मी एकदा अर्ध्यातून परत आलो आणि तेव्हाच दुसरा कॅमेरा घ्यायचं नक्की केलं.

फील्ड कॅमेरा नेमका याच्यासाठी असतो. घडी केली की जाडजूड पुस्तकाएवढा होतो. नव्यामध्ये इंग्लंडच्या ब्रायटनमधला इंट्रेपिड बहुतेकांच्या बजेटमध्ये पहिला येतो, २०१४ मध्ये किकस्टार्टरवर सुरू झालेली कंपनी, बर्च प्लायवूडची बॉडी, वजन सव्वा किलोच्या आसपास. त्याच्या वर चामोनी, विस्टा, लिनहॉफ वगैरे, पण तिथे किंमत भराभर वाढत जाते. हलक्या लाकडी कॅमेऱ्यात काय गमावता ते आधीच समजून घ्या. एक तर वारा. उन्हाळ्यात संध्याकाळी माचीवर वारा सुटला की भाता शिडासारखा फुगतो आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर हललंच समजा, मी छत्री धरून आडोसा करतो. दुसरं म्हणजे भात्याची लांबी, साधारण ३० सेंटीमीटरच्या आसपास संपते. १५० ची लेन्स ३० सेंटीमीटरला ताणली की वस्तू फिल्मवर जेवढ्यास तेवढी येते आणि एक्स्पोजर चौपट म्हणजे दोन स्टॉप वाढवावं लागतं, म्हणजे फूल, शिंपला, जुनं नाणं एवढं जेमतेम जमतं. ३०० ची लेन्स मात्र दूरच्या डोंगरावरच जेमतेम फोकस होते, जवळच्या वस्तूला भाता पुरत नाही. मोनोरेलला ही अडचण सहसा येत नाही, दांडा आणि भाता दोन्ही लांब मिळतात.

तिसरा पर्याय जुना प्रेस कॅमेरा, क्राउन ग्राफिक किंवा स्पीड ग्राफिक. मजबूत, पटकन उघडतो, हातात धरूनही फोटो निघतो. पण मागची चौकट अजिबात हलत नाही आणि पुढची थोडीशीच. ज्यांना माणसांचेच फोटो काढायचेत त्यांनी जरूर बघावा, वाडे-देवळं काढणाऱ्याने नको. आणि जुन्या स्टुडिओतल्या सागवानी कॅमेऱ्यांचा विषय निघतोच, केरळात आलेप्पीला बनायचे ते वागेश्वरी वगैरे. कुणाच्या घरात असला तर भंगारात मुळीच देऊ नका, फार देखणी वस्तू आहे. पण पहिला कॅमेरा म्हणून नको, ते बरेचसे हाफ प्लेट, फुल प्लेट अशा जुन्या मापांचे असतात, त्यांचे होल्डर (ज्यात फिल्म भरून कॅमेऱ्याला लावतात ते) सुटे मिळत नाहीत आणि भाता बहुतेक वेळा कुजलेला असतो.

तर घरात, गच्चीवर, अंगणात, गाडीने जाता येईल तिथे काम करणार असाल तर मोनोरेल घ्या, त्याच पैशात जास्त कॅमेरा मिळतो. पाठीवर घेऊन चालणार असाल तर फील्ड, दुसरा विचारच करू नका. आणि एएसआयच्या (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण) ताब्यातल्या वास्तूंवर ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ती काढल्याशिवाय एवढा पसारा घेऊन जाऊ नका.

सेकंडहँड काहीही घेतलं तरी दोन गोष्टी तपासा. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावून बाहेरून बघा, घडीच्या कोपऱ्यांवर चांदणीसारखे ठिपके दिसले तर तेवढी भोकं आहेत. आणि शटरच्या हळू गती. माझ्या पहिल्या लेन्सचा एक सेकंद प्रत्यक्षात जवळपास दोन सेकंद चालायचा, विकणाऱ्याने एकदम व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या आठ शीट गडद, काळ्या निघाल्या. मोबाइलवर शटरचा आवाज रेकॉर्ड करा, उघडतानाची टिक आणि मिटतानाची टिक यांच्यातलं अंतर मोजा, झालं.

आता आत भरायचं काय, कारण बॉडी एकदाच घ्यायची, शीट मात्र दर वेळी लागते, आणि ४×५ ची एक शीट म्हणजे ३५ एमएमच्या फ्रेमच्या साधारण तेरा पट फिल्म. सरळ रस्ता म्हणजे इलफर्डची एचपी५ प्लस, २५ शीटचा डबा, ४०० आयएसओ. थोडं कमीजास्त एक्स्पोजर झालं तरी सांभाळून घेते. फोमापान १०० स्वस्त पडते, ५० शीटचा डबा येतो, पण तिचा एक मोठा फरक लक्षात ठेवा. लार्ज फॉरमॅटमध्ये, म्हणजे एवढ्या मोठ्या फिल्मवर, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ २२, एफ ३२ वरच काम चालतं, त्यात सावलीत असाल तर एक्स्पोजर सेकंदांत जातं, आणि सेकंदांत गेलं की फिल्म मंदावते. मीटरने १० सेकंद सांगितले तर एचपी५ ला साधारण २० द्यावे लागतात, फोमापानला ८०. लेण्यांच्या आतल्या अंधारात हा फरक म्हणजे एक फोटो की चार फोटो. उघड्या उन्हात फोमापान सुंदर चालते, मी तिथेच वापरतो.

एक्स-रे फिल्मबद्दल खूप जण विचारतात कारण ती फार स्वस्त पडते. हिरव्याला संवेदनशील असते ती घ्यायची. तांबडा रंग तिला दिसतच नाही, त्यामुळे लाल दिव्याखाली कापता येते, होल्डरमध्ये भरता येते, ट्रेमध्ये चित्र उमटताना डोळ्यांनी बघत धुता येते, आणि हा आनंद शब्दात सांगता येणार नाही. पण कुंकू, लाल लुगडं, ओठ सगळं काळं येतं, माणसाची कातडी दगडी होते. शिवाय दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो थर, असल्यामुळे ट्रेच्या तळाला नुसती घासली तरी ओरखडा. झाडं, खडक, भिंती यांना चांगली, चेहऱ्यांना नाही.

पण अगदी पहिल्या वीस फोटोंसाठी माझं मत ठाम आहे, यातलं काहीच नको, फोटो पेपर भरा. ८×१० चा कागद लाल दिव्याखाली चार तुकडे करून होल्डरमध्ये घालायचा, तुकडे एक-दीड मिलिमीटर आणखी छाटायचे नाहीतर आत जात नाहीत. आयएसओ ५ धरा, म्हणजे सावलीत एफ १६ ला दोन-चार सेकंद, शटर बिघडलेलं असलं तरी लेन्सचं झाकण हाताने काढून-लावून चालतं. कडक उन्हात कागद फार काळा-पांढरा येतो म्हणून ढगाळ दिवस निवडा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याची काही कमी नाही. डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) काढायची राहिली, शटर उघडंच राहिलं, होल्डर दोनदा वापरला, या चुका सगळ्यांकडून होतात, त्या कागदावर होऊन जाऊदेत.

धुण्याचं म्हणाल तर आपल्याकडे खरी अडचण पाण्याची आहे. डेव्हलपरच्या वेळा २० डिग्रीच्या असतात आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला गरम लागतं. मी माठातलं पाणी वापरतो, वर घमेल्यात बर्फाची पिशवी, आणि २४ पर्यंत आलं की थांबतो. एचपी५ ला डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० ला साडेसात मिनिटं लागतात, ती २४ ला पाच-साडेपाचवर येतात. त्याच्या वर तापमान असेल तर वेळ इतका कमी होतो की शीटवर डाग पडायची भीती असते. एका वेळी चार शीट मावतात असे छोटे टँक मिळतात, सुरुवातीला ट्रेपेक्षा तेच बरे, अंधारात शीट एकमेकींना घासत नाहीत. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, मुंबई-कोकणात तर बारा महिने, बुरशी एकदा काचेत शिरली की जात नाही.

होल्डर तीन पुरे, म्हणजे सहा फोटो. डार्क स्लाइडची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झालेला, ही सवय पहिल्या दिवसापासून मोडू नका. आणि पहिल्यांदा होल्डर भरायच्या आधी एक शीट वाया गेली असं समजून पूर्ण अंधारात डब्यातून काढा, डबा नीट बंद करा आणि मगच ती शीट उजेडात आणा. शीट उभी धरल्यावर खाचा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन तुमच्याकडे आहे. रात्री दिवे बंद करून तीच शीट होल्डरच्या दोन्ही कडांच्या खोबणीत सरकवत बसा, कडेखाली गेली की नुसती वर राहिली हे बोटाने कळेपर्यंत. मला चार संध्याकाळी लागल्या.