पहिल्या तारेची आस: एका हातघडणीच्या गिटारचे परीक्षण

स्प्रूस लाकडाची तबली (स्वर घुमवणारी पुढची पातळ फळी), रोजवूडची पाठ आणि ६५० मिलिमीटर तारलांबी असलेली ही हातघडणीची क्लासिकल गिटार काही आठवडे वाजवल्यावर, तिचे खरे मोल पहिल्या तारेच्या बाराव्या पडद्यापुढे आहे, असे माझे मत झाले. साधारण गिटारवर तिथला स्वर टचकन उमटून विझतो. येथे मात्र तो गोलसर राहतो आणि व्हायब्रेटोला (बोटाने स्वर किंचित हलवण्याला) पुरेल इतकी आस, म्हणजे छेडल्यानंतरची लांबण, धरतो. छेडलेल्या तारेतली ऊर्जा मर्यादितच असते. तबली हलकी असेल तर ती झटपट खर्च होऊन स्वर मोठा पण आखूड होतो, आणि तबली जड असेल तर स्वर लांबतो पण क्षीण वाटतो. तबलीच्या आतल्या बाजूच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांची पारंपरिक रचना ठेवूनही कारागिराने हा तोल उत्तम साधला आहे.

उणीव एकच, पण ती खटकते. तिसऱ्या तारेवरचा एक स्वर, तबलीच्या स्वतःच्या अनुनादाशी जुळत असल्याने, शेजारच्या स्वरांआधीच मावळतो. नायलॉनऐवजी अधिक घन, म्हणून बारीक असलेली ‘कार्बन’ (म्हणजे फ्लुओरोकार्बन) तार लावल्यावर तिसऱ्या तारेचा एकूण बोदेपणा गेला. तो लवकर मावळणारा स्वर मात्र तसाच राहिला.