चौकट दाखवून विकलेला ड्रोन

धावत्या गाडीमागे ड्रोन उडतोय, गाडी फ्रेमच्या मधोमध, वळण आलं तरी सुटत नाही. असा वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ दाखवून ड्रोन गळ्यात मारला जातो आणि घरी आणल्यावर तो गाडीकडे ढुंकूनही बघत नाही. तक्रार घेऊन गेलेल्याला ठरलेलं उत्तर मिळतं: ‘साहेब, तुम्हाला वापरता येत नाहीये.’ निम्मे लोक इथेच खजील होऊन परत फिरतात. खरं तर जे वापरायचं, तेच त्या मशीनमध्ये नसतं.

सगळ्यात सफाईदार फसवणूक एका शब्दावर चालते. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या मिनी ३ प्रोमध्ये ॲक्टिव्हट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याने गाडी ओळखून आपोआप मागे जाण्याची सोय, आहे, नुसत्या मिनी ३ मध्ये नाही. मिनी २ आणि मिनी २ एसई यांतही नाही. विकणारा मिनी ३ हवेत चढवतो, ॲपमध्ये क्विकशॉट्स उघडतो आणि स्क्रीनवर उभ्या गाडीभोवती बोटाने चौकट ओढतो. ड्रोन मागे सरकत वर जातो किंवा गाडीभोवती फेरी मारतो. चौकट दिसली, ड्रोन आपोआप हलला, गिऱ्हाईक खूश. पण क्विकशॉट म्हणजे ठरलेल्या वाटेवरचं काही सेकंदांचं उड्डाण. चौकट फक्त मध्यभागी काय ठेवायचं ते सांगते, पाठलाग करायला नाही. डेमोतली गाडी उभी का होती, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

हे दोन ड्रोन शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. प्रोच्या पुढे दोन आणि मागे दोन सेन्सरचे ‘डोळे’ असतात. साध्या मिनी ३ ला पुढे-मागे काहीच नाही, सेन्सर फक्त पोटाखाली. खोक्यावरच्या लेबलवर मॉडेलचं पूर्ण नाव छापलेलं असतं. ते सील फोडण्याआधी वाचा, कारण नंतर ‘ॲक्टिव्हेट केलेला माल परत घेत नाही’ हे ऐकावं लागतं.

दुसरी हातचलाखी स्पॉटलाइटची. ज्या मॉडेलांत ट्रॅकिंग आहे त्यांतही तीन वेगळ्या गोष्टी असतात. स्पॉटलाइटमध्ये कॅमेरा गाडीवर रोखलेला राहतो, पण ड्रोन माणूसच उडवतो. पॉइंट ऑफ इंटरेस्टमध्ये ड्रोन गाडीभोवती फिरतो. मागे मागे जातो तो फक्त ॲक्टिव्हट्रॅकमध्ये. कसलेल्या पायलटने स्पॉटलाइटमध्ये घेतलेला शॉट आणि आपोआप घेतलेला शॉट व्हिडिओत ओळखू येत नाही. अंगठे दिसले तरच कळतं. म्हणून व्हिडिओवर भुलू नका, रिमोट खाली ठेवायला सांगा.

तिसरा प्रकार स्वस्तातल्या ड्रोनचा. जाहिरातीत ‘फॉलो मी’ लिहिलेलं असतं, आणि ते अगदीच खोटं नसतं. ज्यांत जीपीएस असतो, ते तुमच्या फोनच्या जीपीएसमागे जातात. कॅमेऱ्याला गाडी ओळखता येत नाही. म्हणजे फोन गाडीत हवा आणि ड्रोन वायफायच्या टप्प्यात हवा. फोनचं ठिकाण साधारण सेकंदाला एकदा कळतं आणि मोकळ्या आभाळाखालीही ते काही मीटरने चुकतं. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर पुढे जाते. ड्रोन ज्या जागेकडे बघतो तिथे गाडी मघाशी होती! चालत्या माणसामागे हे बऱ्यापैकी चालतं, गाडीमागे नाही.

याच ड्रोनवर ‘४के’, ‘गिंबल’ (कॅमेरा स्थिर ठेवणारी मोटरची यंत्रणा) आणि ‘अडथळा सेन्सर’ असे शिक्के असतात. गिंबल तपासायला ड्रोन चालू करून हातात धरा आणि अंग डावी-उजवीकडे कलंडवा. बाजूचं कलंडणंही सावरणारा गिंबल असेल तर कॅमेरा सरळच राहतो. नसेल तर कॅमेराही ड्रोनबरोबर कलंडतो. अशा वेळी ‘गिंबल’ म्हणजे कॅमेरा वर-खाली करणारी छोटी मोटर, एवढंच. ४के तपासायला फाइलची माहिती उघडा. माप ३८४० × २१६० हवं. पण माप फुगवताही येतं, म्हणून वजन बघा: सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) या दराने एका मिनिटाची फाइल सुमारे ७५० एमबी भरते. मिनिटभराचं ‘४के’ तीस-चाळीस एमबीत बसत असेल तर समजून जा.

चौथा प्रकार अलीकडचा आणि चिडवणारा: ‘ट्रॅकिंग अनलॉक’. पैसे भरा, फाइल पाठवतो, ॲक्टिव्हट्रॅक सुरू होईल. लिचीसारखी दुसरी ॲप काही मॉडेलांना फोनच्या जीपीएसमागे नेतात, ते खरं. पण ज्या मॉडेलात ॲक्टिव्हट्रॅक दिलेलंच नाही, त्यात फाइल पाठवून ते बसवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उलट अनोळखी ॲप फोनमध्ये घुसतं ते वेगळंच. जुना ड्रोन घेताना आधीच्या मालकाने तो आपल्या खात्यातून समोरच काढायला हवा, आणि अंगावरचा, खोक्यावरचा व ॲपमधला सिरियल नंबर जुळायला हवा.

खरी परीक्षा रिकाम्या मैदानात, ओळखीच्या गाडीवर. फोन गाडीत ठेवू नका. गाडी चालू असताना चौकट ओढा, ट्रॅकिंग सुरू करा, रिमोट जमिनीवर ठेवा. गाडी ताशी १५-२० किलोमीटरने सरळ, मग इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. आठच का, तर त्यात गाडीची पाठ, बाजू आणि तोंड तिन्ही दिसतात. गाडीचा आकार बदलला की कच्चं ट्रॅकिंग तिथेच सुटतं. मग शेजारी त्याच रंगाची दुसरी गाडी उभी करून पुन्हा बघा. विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला असेल तर न तोडलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि त्याच वेळचा हातांचा व्हिडिओ मागा.

मात्र चांगल्या ड्रोनलाही मर्यादा आहेत, आणि त्या न कळल्यामुळे खऱ्या मालावरही बोंब होते. झाडाची दाट सावली, धूळ, पुलाखालून जाणं, संध्याकाळचा कमी उजेड यांत चौकट सुटते. बऱ्याच मॉडेलांत ४के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवला तर ट्रॅकिंग चालतच नाही. ३० वर आणलं की चालू होतं. ट्रॅकिंगच्या वेगालाही मर्यादा असते: ती सेकंदाला १२ मीटर असेल तर ड्रोन जास्तीत जास्त ताशी ४३ किलोमीटरने जातो, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. महामार्गावरची गाडी त्यामुळे निघूनच जाते. स्पोर्ट मोडमध्ये वेग वाढतो, पण अडथळा ओळखणं बंद पडतं.

म्हणून ‘गाडी जोरात होती’ हे कारण पुढे येईल हे धरूनच परीक्षा हळू वेगाची ठेवा आणि सगळी एकाच न तोडलेल्या व्हिडिओत घ्या. सील, लेबल, सिरियल नंबरही त्याच व्हिडिओत यावेत. बिलावर नुसतं ‘ड्रोन १ नग’ नको. मॉडेलचं पूर्ण नाव आणि ‘कॅमेऱ्याने चालत्या गाडीचं ट्रॅकिंग करतो’ हे वाक्य लिहून घ्या. मिनी ३ हातात घेऊन उभा असलेला विक्रेता हे वाक्य लिहायला लागला की पेन खाली ठेवतो.