माउंट-यूमाउंट, नऊ महिन्यांनंतर: ‘टार्गेट इज बिझी’, पण कोण?

लिनक्समध्ये डिस्क किंवा कार्ड एखाद्या फोल्डरच्या जागी जोडतो तो माउंट आणि सोडवतो तो यूमाउंट. दोन्ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी. माउंटला पाच अर्ग्युमेंट्स लागतात, रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, का व्हावं लागतं, यूमाउंटच्या स्पेलिंगमधला एक ‘एन’ कसा गायब आहे, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरतो. त्रिपुरी पौर्णिमेपासून श्रावण लागेपर्यंत हे दोन सिस्टिम कॉल मी जवळजवळ रोज वापरले. वैशाखात त्यांच्यापायी तेरा-चौदा मिनिटांचं चित्रण कायमचं गेलं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा वापर असा. वेंगुर्ल्याच्या आसपासच्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतार मी चित्रित करतो. आड दशावतारापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत काही सोडायचं नाही हा नेम. एका रात्रीला ३२ जीबीची दोन कार्डं भरतात आणि कॅमेरा दर ४ जीबीला नवा तुकडा पाडतो, कारण कार्डावरच्या फॅट३२ या मांडणीत एका फाइलची मर्यादाच तेवढी. लॅपटॉप जुना आहे: १२८ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, यूएसबी २.०. नवा घेणं परवडत नाही, म्हणून लिनक्स टाकलं आणि साडेपाच हजारांची २ टीबीची बाहेरची डिस्क घेतली. ती एक्सफॅट या मांडणीत ठेवली, म्हणजे कुणाच्याही टीव्हीला लागावी.

पहिले पाच महिने मी खूश होतो. कार्ड रीड-ओन्ली माउंट करायचं, म्हणजे झोपेत चुकूनही त्यावर काही लिहिलं जात नाही. रात्रभर जागल्यावर सकाळी आठ वाजता हाताचा भरवसा नसतो, तेव्हा हा एक फ्लॅग, म्हणजे कॉलसोबत द्यायचा पर्याय, फार मोलाचा. बाइंड माउंट तर मला आजही जादूसारखं वाटतं. डिस्कवरचा ‘दशावतार’ फोल्डर दुसऱ्या जागी जोडला, तिथून घरातल्या टीव्हीला दिला, आई माजघरात बसून कालचं आख्यान बघते आणि एक बाइटही कॉपी करावा लागलेला नाही. लिनक्समध्ये हे कर्नल २.४ पासून आहे, मला मात्र यंदा कळलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. डिस्क माउंट झालेली नसेल तरी माउंट पॉइंटचा, म्हणजे ती जिथे जोडली जाते तो, फोल्डर असतोच, आणि त्यात लिहिलेलं गुपचूप एसएसडीवर जातं. आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जाते. एकदा वीज आल्यावर डिस्क जोडली गेली नव्हती आणि रात्रीचा बॅकअप एसएसडी भरून थांबला. उपाय सोपा आहे: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस-आय (बदल बंद करणारी कमांड) लावून ठेवा, मग रूटलासुद्धा तिथे लिहिता येत नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय जोडायचं त्या यादीत, नोफेल हा पर्याय घाला, नाहीतर डिस्क नसताना मशीन सुरू होताना दीड मिनिट वाट बघत बसतं.

आता मूळ तक्रार, यूमाउंट.

डिस्क काढायला जावं तर ‘टार्गेट इज बिझी’. ठीक आहे, कुणीतरी वापरत असेल. पण कोण? हे तो सांगत नाही. नऊ महिन्यांत हा संदेश मी शेकड्यांनी पाहिला असेन आणि दर वेळी तेवढाच संताप झाला. कर्नलला नेमकं माहीत असतं की या माउंटला कुणीतरी धरून ठेवलंय, म्हणून तर तो नाही म्हणतो. पण कॉल परत देतो फक्त वजा एक, आणि एररनोमध्ये, म्हणजे एररचा क्रमांक ठेवायच्या जागेत, १६, म्हणजे इबिझी. तो एक आकडा, बाकी शोध तुम्ही घ्या. दारात उभं राहून ‘आत माणूस आहे’ एवढंच सांगायचं आणि नाव सांगायचं नाही, असा हा प्रकार.

वैशाखात गावच्या जत्रेत खेळ झाला. आमचे पेटीवाले मामा त्या हंगामानंतर मंडळ सोडणार होते, त्यामुळे त्यांच्या पेटीवरचा हा शेवटचा दहीकाला. सकाळी दोन्ही कार्डं एसएसडीवर उतरवली आणि पुसली, कारण संध्याकाळी दुसऱ्या गावाला जायचं होतं. दुपारी सगळे तुकडे मूव्ह करून डिस्कवर हलवले. कॉपी नाही, मूव्ह, कारण एसएसडीवर जागा उरत नव्हती. मामा डिस्क सावंतवाडीला घेऊन जाणार होते आणि पडवीत पिशवी खांद्याला लावून उभे होते.

“झाला काय रे झिला? माझी एसटी चुकतली.”

मूव्ह संपला, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची ओळ, आला. यूमाउंट केलं तर टार्गेट इज बिझी. पुन्हा केलं, तेच. मग वजा-एल हा पर्याय लावला. क्षणात प्रॉम्प्ट, एरर नाही. डिस्क उपसली आणि मामांच्या हातात दिली. त्या वेळी माझं मत असं होतं की वजा-एल हाच या सगळ्यातला शहाणा पर्याय आहे आणि तो मला आधी कुणी का सांगितला नाही.

चार दिवसांनी डिस्क परत आली. शेवटचा तुकडा उघडत नव्हता. साडेतीन जीबीचा, चाळीसेक मिनिटांचा.

काय घडलं ते समजायला मला दोन आठवडे लागले. वजा-एल म्हणजे यूमाउंट२ ला, फ्लॅग घेणाऱ्या यूमाउंटला, दिलेला एमएनटी_डिटॅच फ्लॅग. तो माउंटला फोल्डरांच्या झाडावरून लगेच तोडतो, म्हणजे नव्याने कुणाला ते दिसत नाही. पण ज्यांनी आधीच धरून ठेवलंय त्यांनी सोडेपर्यंत फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, आत जिवंतच राहते. खरी आवराआवर नंतर, शेवटचा माणूस उठल्यावर. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आणि मूव्ह ‘संपला’ याचा अर्थ सगळं रॅममध्ये पोचलं एवढाच. मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला मजकूर साठू द्यायचा हा कर्नलचा नेहमीचा हिशोब. माझ्याकडे तो साधारण सव्वा जीबी येतो. यूएसबी २.० ला सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग, म्हणजे चाळीस सेकंदांचं काम बाकी होतं. मी दहाव्या सेकंदाला डिस्क उपसली. तोवर मूव्हने एसएसडीवरची मूळ फाइल पुसून टाकलेली होती.

शिवाय एमपी४ ची अनुक्रमणिका आमचा कॅमेरा फाइलच्या शेवटी लिहितो, त्यामुळे शेपूट तुटलं की अख्खी फाइल मुकी होते. त्याच कॅमेऱ्याची दुसरी धड फाइल शेजारी ठेवून दुरुस्तीच्या प्रोग्रामने पंचवीस मिनिटं सोडवली. पुढची गेली. हंडी फुटते, झांजा चढत जातात आणि मामा पेटीवरून मान वर करून समोर बघतात, ते त्यातच होतं.

कुणी धरून ठेवलं होतं ते पुढच्या वेळी कळलं. माउंट कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या फ्युजरला वजा-व्हीएम लावून विचारलं तर एकच ओळ आली: बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम, आणि सोबत ‘सी’ हे अक्षर, चालू फोल्डरची खूण. म्हणजे दुसऱ्या टर्मिनलमध्ये मी त्या डिस्कच्या फोल्डरात नुसता उभा होतो. एकही फाइल उघडी नव्हती. सीडी या कमांडने त्या फोल्डरातून बाहेर आलो की काम झालं असतं. त्या पहाटेनंतरच्या दुपारी ही एक ओळ स्क्रीनवर आली असती तर मी वजा-एलला हातच लावला नसता, हे मी आजही ठामपणे म्हणतो.

इथे माझं एक मत बदललं तेही नोंदवतो. पहिल्या महिन्यांत माझी तक्रार होती की साधं यूमाउंट कधीकधी पाऊण मिनिट गप्प बसतं, टक्केवारी नाही, काही नाही. ती तक्रार मी मागे घेतो. ते पाऊण मिनिट म्हणजेच लिहिणं. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवूनच तो परत येतो. तेव्हा मी त्याला आळशी म्हणत होतो आणि लगेच परत येणाऱ्या वजा-एलला चपळ.

मग वाटलं, साधं यूमाउंट शून्य घेऊन परत आलं की डिस्क काढायला हरकत नाही. आषाढात तेही मत अर्धं सोडावं लागलं. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज जाणार असं दिसत होतं, म्हणून डिस्क काढायला घेतली. यूमाउंट एका सेकंदात झालं, एरर नाही. पण डिस्कचा निळा दिवा लुकलुकतच होता. हात ठेवला तर आत मोटर फिरतेय, मधूनच बारीक टकटक. जोडलेले माउंट दाखवणाऱ्या फाइंड-एमएनटीने डिस्कच्या नावाने शोधलं, तर आईच्या टीव्हीसाठी केलेला बाइंड माउंट तसाच जोडलेला. कर्नलच्या दृष्टीने ते दोन वेगळे माउंट आहेत आणि मी एकच सोडवला होता, त्यामुळे बिझी म्हणण्याचं कारणच नव्हतं. फाइलसिस्टिम एकच आणि ती चालूच. लिहायचं राहिलेलं तो आपल्या सवडीने लिहीत होता. कंटेनर (वेगळे कोंडून चालवलेले प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी तर अधिकच जपावं. दुसऱ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत, जोडलेलं फाइंड-एमएनटीला सहज दिसतही नाही, प्रॉक या फोल्डरातली प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, माउंटइन्फो ही यादी चाळावी लागते.

म्हणजे एकदा नाही म्हणताना कारण सांगितलं नाही आणि एकदा हो म्हणताना उरलेलं सांगितलं नाही. माझा राग आहे तो या दोन्ही मौनांवर.

काही जण म्हणतात, १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून हे कॉल आहेत, जुन्या गोष्टीकडून फार अपेक्षा करू नये. मला हे पटत नाही, कारण जोडण्याची बाजू सुधारली आहे. २०१९ मध्ये कर्नल ५.२ ला नवे कॉल आले. एफएसओपनने संदर्भ उघडायचा, एफएसकॉन्फिगने एकेक पर्याय द्यायचा, एफएसमाउंटने माउंट तयार करायचं आणि मूव्ह_माउंटने जागेवर बसवायचं. चुकलं तर त्या उघडलेल्या संदर्भाच्या फाइल डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे कर्नलने दिलेल्या क्रमांकातून, शब्दांत लिहिलेला संदेश वाचता येतो. पूर्वी चुकीचा पर्याय दिला की नुसतं इन्व्हॅलिड अर्ग्युमेंट, २२. जोडताना एवढी माणुसकी आली, सोडवताना मात्र अजून तेच यूमाउंट२ आणि तोच १६ आकडा. मला सोडवण्याची काळजी जास्त वाटते. डेटा जातो तो सोडवताना.

त्याच यूमाउंट२ मधला एक फ्लॅग मात्र मला मनापासून आवडला: एमएनटी_एक्स्पायर. पहिल्यांदा बोलावलं की तो माउंटवर फक्त खूण करतो आणि ‘पुन्हा विचारा’ म्हणून ईअगेन देतो. दुसऱ्यांदा बोलावेपर्यंत कुणी त्या माउंटकडे फिरकलं नसेल तरच सोडवतो. घरातून निघताना दोनदा हाक मारून बघावी तसं. यासाठी मी सीमध्ये पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. दोन हाकांमध्ये एक मिनिट थांबतो. टीव्ही चालू असेल तर काही होत नाही.

सध्याची पद्धत सांगतो. मूव्ह बंद, फक्त कॉपी, आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्याशिवाय मूळ पुसत नाही. त्यासाठी दुसरी डिस्क घ्यावी लागली, आणखी साडेपाच हजार गेले, पण घेतली. काढताना आधी बाइंड माउंट, मग मूळ माउंट, मग डिस्कचा वीजपुरवठा बंद करायची कमांड. बिझी आलं तर फ्युजर. फ्युजरलाही काही सापडलं नाही तर आत जोडलेली लूप डिव्हाइस (डिस्क म्हणून जोडलेली फाइल), स्वॅप फाइल (रॅमला जोड म्हणून वापरलेली) किंवा दुसरं माउंट बघतो, कारण त्यांना प्रोसेसच नसते. वजा-एल माझ्या मशीनवर मी फक्त तुटलेल्या नेटवर्क शेअरसाठी ठेवलंय, तिथे तो खरोखर उपयोगाचा आहे.

परवा मामा आले होते. उरलेल्या पंचवीस मिनिटांसह सगळा खेळ त्यांच्यासाठी दुसऱ्या डिस्कवर घातला. यूमाउंट चालू असताना ते शेजारी बसले आणि डिस्कवर तळवा ठेवून राहिले. वीज बंद करायची कमांड दिली, मोटरचा आवाज उतरत उतरत थांबला, दिवा गेला.

“आता निजली,” मामा म्हणाले, आणि डिस्क पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.