जिनसेंग फायकस बोन्साय : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

या झाडाला मी एप्रिलमध्ये एक तारा दिला होता. आता दिवाळी होऊन गेली, झाड जिवंत आहे आणि नव्या पानांनी भरले आहे, म्हणून तो जुना अभिप्राय काढून हा सविस्तर लिहीत आहे. वाढवलेले तारे झाडाचे आहेत. ते ज्या रीतीने भरून पाठवले जाते, त्या रीतीविषयीचे माझे मत मात्र एप्रिलपेक्षा आज अधिक कडक आहे.

वस्तू कोणती, हे समजावून सांगण्याची गरज नाही. जाड, फुगीर मुळांवर उभे असलेले, चकचकीत चिनी मातीच्या कुंडीतले हे फायकस आता सगळ्यांनीच पाहिले आहे. वनस्पती म्हणून ते फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपला नांद्रुक. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातला. खालचे खोड एका रोपाचे असते आणि वरच्या बारीक पानांच्या फांद्या त्यावर कलम केलेल्या असतात. मी ते फेब्रुवारीच्या अखेरीस साडेसातशे रुपयांना मागवले, पोचवण्याचा खर्च वेगळा. आमच्याकडे तेवढ्या पैशांत पेरूची सात-आठ चांगली कलमे येतात, त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात ते मरू देणे मला परवडणारे नव्हते.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात राहतो. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात 44-45 अंश ही नेहमीची गोष्ट असते. झाडासोबत आलेल्या कार्डावर 'दररोज थोडे पाणी द्यावे, थेट ऊन टाळावे' एवढेच छापलेले होते आणि घरात ते तसेच पाळले जात होते. पहिल्या काही आठवड्यांत पाच-दहा पाने गळली; बंद खोक्यातून प्रवास करून आलेले फायकस जागा बदलली की पाने टाकते, हे माहीत असल्याने मी तिकडे लक्ष दिले नाही. एप्रिलमध्ये मात्र पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या, मग हिरवी पानेसुद्धा हात लागताच गळू लागली आणि फुगीर मुळांची साल सुरकुतली. ही सुरकुती महत्त्वाची आहे, कारण या झाडाचा पाण्याचा साठा तिथेच असतो.

विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा फोटो मागवले गेले. फोटोत कुंडीखालच्या ताटलीत पाणी दिसत होते. त्यावरून 'तुम्ही पाणी जास्त घातले, मुळे कुजली' असा निष्कर्ष काढून आणि बदलून देण्याची मुदत संपल्याचे सांगून तक्रार बंद करण्यात आली. मी पुन्हा लिहिले की सुरकुतलेले खोड पाण्याच्या अभावाचेही लक्षण असते. त्यावर तेच वाक्य परत आले. पैशांपेक्षा मला याचा राग अधिक आला, कारण कुंडीत खरोखर काय चालले आहे हे पाहण्याची सोय त्यांनी स्वतःच बंद करून ठेवली होती.

ती बंद केली होती वरच्या पांढऱ्या खड्यांनी. हे खडे सुटे नसतात, डिंकासारख्या पारदर्शक द्रवाने एकमेकांना आणि कुंडीच्या काठाला चिकटवलेले असतात. वाहतुकीत माती सांडू नये हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण माल पोचल्यानंतर हा थर काढून टाका, असे कार्डावर एका ओळीतही लिहिलेले नाही. मी जुन्या पेचकसाचे टोक काठाशी घालून हळूहळू उचकटले, तेव्हा खडे एकेक न निघता बोटभर जाडीची अखंड चकती निघाली. तिच्या खालच्या बाजूला वाळून कडक झालेला डिंक काचेसारखा चमकत होता. खाली मातीऐवजी भरलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तपकिरी भुकटी झाला होता आणि कुंडीच्या भिंतीपासून आक्रसून सगळीकडून सुटला होता. कोकोपीट एकदा पूर्ण वाळला की पाणी सहजासहजी धरत नाही. रोज घातलेले पाणी खड्यांवरून घसरून त्या फटीत शिरत होते, भिंतीच्या कडेने खाली जात होते आणि भोकातून ताटलीत साचत होते. मधला मुळांचा गोळा मी बोटांनी फोडला, तेव्हा तो आतून कोरडा ठणठणीत होता. ज्या ताटलीतल्या पाण्यावर माझी तक्रार फेटाळली गेली, ते पाणी मुळांपर्यंत कधी गेलेच नव्हते.

गोळ्याच्या गाभ्यात रोपवाटिकेतली बारीक जाळीची टोपलीही तशीच होती आणि मुळे तिच्या छिद्रांतून वाढून आवळली गेली होती. ती कात्रीने कापून काढली. काळपट, पोकळ, सहज तुटणारी मुळे छाटली. पिवळसर पांढरी आणि घट्ट असलेली ठेवली. ती थोडीच होती. वर फांद्यांवर नखाने ओरखडा काढून पाहिले: दोन कलमांची साल खाली हिरवी होती आणि पांढरा चीक आला, तिसरी फांदी आतून तपकिरी निघाली, ती तिथेच कापली.

नव्या भरावाविषयी, म्हणजे कुंडीत भरायच्या मिश्रणाविषयी, थोडे लिहितो, कारण गावात राहणाऱ्याला बोन्सायसाठीची दाणेदार जपानी माती, आकाडामा, परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. शेजारचे काकाजी म्हणाले, "भाऊ, याले आपली काळी माती घाला ना, तिच्यात काहीबी येते." शेतात ते खरे आहे. पण आपली कापसाची काळी जमीन भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उथळ कुंडीत पहिल्या स्थितीत मुळांना हवा मिळत नाही आणि दुसऱ्या स्थितीत ती तुटतात. मी भाजलेल्या विटांचे तुकडे फोडून चाळले, ज्वारीच्या दाण्याएवढे ठेवले आणि भुकटी टाकून दिली, कारण भुकटी राहिली तर सगळा चिखल होतो. आमच्याकडच्या विटांना लोणा लागतो, म्हणून ते तुकडे दोन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलून धुतले. दोन भाग विटा, एक भाग बारीक गिट्टी आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एवढेच. खर्च जवळजवळ काही नाही. त्याच कुंडीत, भोकावर जाळीचा तुकडा ठेवून, झाड पुन्हा लावले. कुंडीला मी एप्रिलमध्ये नावे ठेवली होती. ती आता मागे घेतो, भोक पुरेसे मोठे आहे आणि निचरा उत्तम होतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो विक्रेत्याचा नव्हे, आमच्या भागाचा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेला पट्टा, आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, बुडवले की आकडा लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या वर जातो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात 500 ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत सूट आहे. असे पाणी उथळ कुंडीत रोज घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. पानांच्या कडा जळण्यात कोरड्या गोळ्याइतकाच या क्षारांचा वाटा होता, असे माझे मत आहे. चिकटवलेल्या खड्यांच्या कडेला पांढरी पुटे जमली होती, पण खडेच पांढरे असल्यामुळे ती कोणाला दिसली नाहीत. त्यानंतर मी या एका झाडासाठी आरओच्या कॅनमधले पाणी वापरले. कुलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंडीला घालण्याची आपल्याकडे सवय असते, ते मात्र अजिबात घालू नये. कुलर दिवसभर पाणी उडवतो आणि टाकीत क्षार अधिकच दाट होतात. त्याच्या गवतावर जमणारा पांढरा थर पाहिला की हे पटते.

कुलरची हवा मात्र उपयोगी पडली. झाड कुलरच्या खोलीत, झोताच्या बाहेर, पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवले आणि वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घातली. खत दिले नाही. नवी मुळे फुटण्याआधी दिलेले खत आजारी झाडाला बाधते. पाणी कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी बांबूची एक काडी भरावात कायम खोचून ठेवली. ती उपसून पाहायची, टोक ओलसर असेल तर थांबायचे, कोरडे असेल तर भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यायचे आणि ताटली रिकामी करायची. मे महिन्यात उरलेल्या पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड दिसली, ती पाण्याने धुऊन आणि निंबोळी अर्काने गेली. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर झाडावर बोटांवर मोजता येतील एवढीच पाने होती आणि घरातल्यांनी ते टाकून देण्याचा विषय काढला होता. खोडावरचा ओरखडा हिरवा होता, म्हणून मी ऐकले नाही.

माझे मत बदलले ते मृगाच्या पावसानंतर. हवेतला कोरडेपणा गेला तसे झाड ओट्यावर, छपराच्या सावलीत आणले आणि टिनावरून ड्रममध्ये धरलेले पावसाचे पाणी सुरू केले. काही दिवसांतच जुन्या, पूर्ण उघड्या फांदीवर, जिथे एकही पान नव्हते तिथे, सालीतून ज्वारीच्या कोंबाइतका बारीक, टोकदार, फिकट हिरवा डोळा बाहेर आला. आठवडाभराने त्यावरचे आवरण गळून पडले आणि नखाएवढे, तकतकीत पान उलगडले. त्यानंतर दोन्ही फांद्यांवर डोळे फुटत गेले. कलमाच्या खालूनही फुटवे आले, त्यांची पाने मोठी आणि पातळ होती. झाडाला अन्न मिळावे म्हणून ऑगस्टपर्यंत ते ठेवले, मग खुडले. सुरकुतलेली मुळे पुन्हा घट्ट झाली आहेत. एवढे सोसून हे झाड उभे राहते, हे पाहिल्यावर साडेसातशे रुपये मला जास्त वाटत नाहीत.

म्हणून झाडाला चार तारे आणि बांधणीला शून्य, असा हिशेब करून मी एकूण तीन देतो. तिसऱ्या फांदीची जागा मोकळी दिसते आणि ती भरायला दोन-तीन पावसाळे लागतील. हे नुकसान टाळता येण्यासारखे होते आणि ते एका रुपयाच्या डिंकामुळे झाले, हे मी विसरणार नाही. विक्रेत्याने कार्डावर 'माल मिळताच खड्यांचा थर काढावा' ही ओळ छापली तर मी चौथा तारा आनंदाने देईन.

ज्यांनी हे झाड घेतलेच आहे, त्यांनी तो थर पहिल्याच दिवशी उचकटून काढावा. कुंडी लगेच बदलू नये. उन्हाळाभर दर वेळी अख्खी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवावी, म्हणजे कोकोपीट आतपर्यंत भिजतो. भराव बदलण्याचे काम पाऊस नीट सुरू झाल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत करावे. एप्रिलमध्ये ते करायचे ते फक्त माझ्या झाडासारखी मुळांची साल सुरकुतली असेल आणि थांबण्याची सवडच उरली नसेल तर.