झेनॉन दिवा की एलईडी? तरंगलांबीनुसार प्रकाशउत्प्रेरक तपासताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने आणि डाइंगचं रंगीत पाणी बघतच आपल्याकडची मुलं मोठी होतात. त्यामुळे एमएस्सीला टायटॅनियम डायऑक्साइडची (टायटॅनियाची) पावडर, म्हणजे प्रकाश पडला की रंग तोडणारा प्रकाशउत्प्रेरक, टाकून उन्हात रंग उडवायचा प्रोजेक्ट सोलापुरात कुणाला तरी सुचतोच, आणि तो सुचावाच. पण उन्हात रंग उडाला म्हणून तो नेमका कोणत्या प्रकाशाने उडाला, हे कळत नाही. त्यासाठी एकेक तरंगलांबी वेगळी पाडून बघावी लागते.

उन्हापुढे रंगीत जिलेटीन कागद धरायचा विचार सोडून द्या. त्यातून फार रुंद पट्टा आत येतो, अकराचं ऊन आणि तीनचं ऊन सारखं नसतं, आणि मे महिन्यात बीकरच तापतो. खरी निवड दोनांत आहे.

पहिला पर्याय म्हणजे 150 किंवा 300 वॅटचा झेनॉन दिवा आणि त्यापुढे मोनोक्रोमेटर, म्हणजे ग्रेटिंग (बारीक रेघांची पट्टी) फिरवून एकेक तरंगलांबी फटीतून बाहेर सोडणारं उपकरण. पाच-पाच नॅनोमीटरने पुढे सरकत अख्खा आलेख काढता येतो, हे त्याचं मोठं बळ. काचेवर फिल्म करून फोटोकरंट (प्रकाशाने निघणारा विद्युतप्रवाह) मोजणाऱ्याला हेच हवं. करंट मायक्रोअँपिअरमध्ये असला तरी चालतो. पण पावडर आणि रंगाचं पाणी असेल तर अडचण होते. फटीतून बाहेर पडणारा प्रकाश इतका क्षीण असतो की 50 मिली द्रावणाचा रंग कमी झालेला दिसायला दिवस मोडतो, आणि तेवढ्या वेळात दिवाही थोडा बदलतो.

आणखी एक खोच आहे. मी एकदा टायटॅनियाच्या फिल्मवर 700 नॅनोमीटर लावलं आणि करंट आला. लाल प्रकाशात टायटॅनियाने करंट द्यायचं काहीच कारण नाही. दोन दिवस फिल्मलाच दोष देत बसलो. मग प्रकाशाच्या वाटेत पिवळी लाँगपास काच (लहान तरंगलांबी अडवणारी) ठेवली आणि करंट गेला. ग्रेटिंग 700 वर असताना 350 चा प्रकाशही दुसऱ्या क्रमाने त्याच फटीतून निघतो. ही काच लावायला विसरू नका.

दुसरा पर्याय एलईडीचा: 365, 405, 450, 530, 630 नॅनोमीटर. प्रत्येकाचा पट्टा साधारण 10 ते 20 नॅनोमीटरचा, हिरव्याचा 30 च्या पुढे. बारकावा कमी, पण प्रकाश भरपूर, आणि एका दुपारी एका तरंगलांबीचं काम आटोपतं. हीट सिंक आणि स्थिर करंटचा ड्रायव्हर मात्र हवाच. एलईडी तापला की प्रकाश उतरतो आणि तरंगलांबीही सरकते. आधी अर्धा तास पेटवून ठेवा, मगच बीकर खाली सरकवा.

माझं मत स्पष्ट आहे: फिल्म असेल तर झेनॉन, पावडर असेल तर एलईडी. आणि वाचलेले पैसे प्रकाश मोजायला घाला. बरेच जण सगळे एलईडी सारख्या मिलिवॅटवर लावून थेट तुलना करतात. तेवढ्याच मिलिवॅटमध्ये 530 चे फोटॉन 365 च्या जवळजवळ दीडपट असतात. रंग उडण्याचा वेग भागायचा तो फोटॉनच्या संख्येने. चांगला पॉवर मीटर मिळत नसेल तर प्रकाशाने किती रसायन बदललं यावरून फोटॉन मोजणारी फेरिऑक्झलेट अ‍ॅक्टिनोमेट्री करा. हॅचर्ड आणि पार्कर यांनी 1956 मध्ये मांडलेली ही पद्धत साध्या रसायनांत होते आणि 500 नॅनोमीटरपर्यंत कामाला येते. द्रावण मात्र लाल दिव्याखाली हाताळायचं.

मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. तो स्वतःच 664 च्या आसपास प्रकाश शोषतो. लाल एलईडीखाली रंग उडाला तर ते काम पावडरने प्रकाश घेऊन केलं की रंगाने, हे सांगता येत नाही. बिनरंगी सॅलिसिलिक आम्लावर तोच प्रयोग करा, आणि प्रत्येक एलईडीखाली पावडरशिवाय एक बीकर ठेवाच.

टायटॅनियावर काम असेल तर 365 आणि 405 हे दोनच एलईडी आधी घ्या. अनाटेज या टायटॅनियाच्या स्फटिकरूपाची सीमा (त्यापलीकडची लांब तरंगलांबी ते शोषत नाही) 387 च्या आसपास, म्हणजे दोघांच्या मधोमध. पी25 नावाची तयार टायटॅनिया पावडर वापरत असाल तर 405 वरही थोडा रंग उतरलेला दिसेल. त्यात रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप मिसळलेलं असतं आणि त्याची सीमा 413 पर्यंत जाते.