‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ तपासणी पॅकेज: लाल आकडा आणि काळा आकडा

साठी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या स्त्रियांसाठी एका पॅथॉलॉजी लॅबने तयार केलेले तपासणी पॅकेज आम्ही आईसाठी घेतले. त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण, दाखवणारे मॅलनडायअल्डिहाइड आणि त्यापासून पेशींचा बचाव करणारे ग्लुटाथायोन यांच्या जोडीला सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक), युरिक अ‍ॅसिड या नेहमीच्या चाचण्या होत्या. रक्त घेण्याचे काम चोख झाले. तंत्रज्ञ ताईंनी रक्त येऊ लागताच दंडाचा पट्टा सोडला आणि आईला वारंवार मूठ आवळू दिली नाही, कारण त्याने पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते.

पॅकेजमागचा विचार निराधार नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरते. मग रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील सुपरऑक्साइड हा अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणू वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला नष्ट करतो, आणि वाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत. परंतु मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरणारे मॅलनडायअल्डिहाइड मोजण्याच्या पद्धतीनुसार आणि नमुना कसा ठेवला त्यानुसार बदलते, सर्व लॅबना मान्य अशी त्याची मर्यादा नाही आणि त्यावरून रक्तदाबाचे औषध ठरवले जात नाही. तरीही रिपोर्टच्या पहिल्याच पानावर तो आकडा लाल रंगात छापलेला होता आणि खाली ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची शिफारस होती. ही शिफारस मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत, हे ‘होप’ नावाच्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासाने २००० सालीच दाखवले आहे.

खरी महत्त्वाची नोंद चौथ्या पानावर, साध्या काळ्या अक्षरांत होती: सोडियम १२९, जे किमान १३५ असायला हवे. आई क्लोरथॅलिडोन घेत होती, आणि लघवी वाढवणाऱ्या या प्रकारच्या गोळ्यांमुळे सोडियम उतरण्याचा धोका वयस्कर स्त्रियांना विशेष असतो; त्यातून थकवा येतो, तोल जातो, पडून हाड मोडण्याची भीती असते. डॉक्टरांनी तो आकडा पाहताच गोळी बदलली आणि सोडियम पुन्हा तपासायला सांगितले. असा आकडा आल्यावर लॅबने स्वतःहून फोन करायला हवा होता. तो आला नाही.

हे पॅकेज मी पुन्हा घेणार नाही. नेहमीच्या चाचण्या सुट्या करून घेता येतात, आणि त्यांच्यासोबत लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन अवश्य तपासावे, कारण मूत्रपिंडाला पोहोचणारी इजा क्रिएटिनिन वाढण्यापूर्वीच त्यात दिसू शकते. उच्च रक्तदाबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पॅकेजमध्ये नेमकी तीच चाचणी नव्हती.